मामाच्या मरांट्झ २२३०चे दिवे : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मामाचा मरांट्झ २२३०, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असलेला जुना स्टिरिओ संच, काल गुहागरहून पुण्यात आला. चादरीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर. मामाने तो १९७४ मध्ये कुवेतहून आणला होता. वाजतो अजून उत्तम, पण डायल जवळजवळ अंधारात आहे. मामाची मागणी एकच : "गणपतीला घरी येशील तेव्हा तो निळा उजेड परत दिसला पाहिजे." या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. म्हणजे हातात दहा आठवडे आहेत.

हे काम कुणी पुढे करणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून मोजमापं, खर्च आणि चुका इथे लिहीत जातो.

झाकण उघडण्याआधीची तयारी : प्लग भिंतीतून काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण प्लग लावलेला असला की बटणापर्यंत मेन्स (भिंतीतली वीज) येऊन थांबलेली असते आणि ते बटण दिव्यांपासून फार लांब नाही. नंतर मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर (बंद संचातही यांत वीज साठून राहते) १ किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर धरून ते रिकामे केले. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय अनेकांना असते; ती पन्नास वर्षं जुन्या कपॅसिटरवर करू नये.

वरचं पत्र्याचं झाकण निघालं की डायलमागे एक लांबट पत्र्याची पेटी दिसते. तिच्यात पाच दिवे ओळीने बसतात. दिसायला थेट काचेच्या फ्यूजसारखे : दोन्ही टोकांना धातूची टोपी, मध्ये काच, आणि बसायला फ्यूजचीच क्लिप. रेटिंग ८ व्होल्ट, २५० मिलीअँपिअर. हे नीट लक्षात ठेवा, कारण अशा संचात दिव्याच्या जागी कुणी खरा फ्यूज बसवला तर दिव्यांना वीज देणारं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) थेट शॉर्ट होतं.

आत काय सापडलं : पाचपैकी दोन मूळ दिवे तुटलेले. एक जागा रिकामी. एक दिवा चालू, पण काच आतून काळी. आणि पाचव्या जागी कुणीतरी टॉर्चचे ३.८ व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून, क्लिपलाच सोल्डर करून ठेवले होते. जोडणारा हुशार होता. ३.८ आणि ३.८ म्हणजे ७.६, हिशोब बरोबर आहे. पण सोल्डरच्या उष्णतेने त्या क्लिपची स्प्रिंग गेली आणि आता तिच्यात दुसरं काही घट्ट बसत नाही.

दिव्यांपुढे एक पातळ अर्धपारदर्शक कागद असतो, उजेड पसरवण्यासाठी. तो तपकिरी झालाय, आणि जिथे दिवा तिथे जळकट वर्तुळ. बोट लावलं तर तुकडा पडला.

वेळ : तीन तास, त्यातला एक फोटो काढण्यात. फोटो कमी काढले हे पुढे कळलं.

१५ जून, रविवार

बाजारात जायच्या आधी मोजणी केली. याआधीच्या दोन कामांत मी थेट बल्ब आणायला धावलो होतो आणि वर्षाच्या आत ते पुन्हा गेले होते. या वेळी प्रश्न उलटा विचारला : दिवे मुळात जातात का?

आधी सिरीज बोर्डवर, १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन, संच चालू केला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग थेट मेन्सवर. घरच्या बोर्डवर सकाळी २३६ व्होल्ट, संध्याकाळी २४३, रात्री साडेअकराला २४८. संध्याकाळी दिव्याच्या क्लिपवर मोजले : ९.२ व्होल्ट. अपेक्षा ८ची.

पाचपैकी बहुतेक दिवे गेलेले असल्याने वाइंडिंगवर भार कमी आहे, त्यामुळे आकडा थोडा वर दिसणारच. पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही. मागच्या बाजूला पाहिलं. हा निर्यातीचा, अनेक व्होल्टेजवर चालणारा संच आहे आणि व्होल्टेजची निवड २२०वर आहे. २२०च्या टॅपला (ट्रान्सफॉर्मरवरच्या २२० व्होल्टच्या जोडणीला) २४३ दिले तर आतलं प्रत्येक वाइंडिंग दहा टक्के जास्त देणार. ८च्या जागी ८.८.

तापतंतूच्या दिव्याला हे दहा टक्के भारी पडतात. त्याचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या ते सोळाव्या घाताने बदलतं. दहा टक्के जास्त दिले की आयुष्य तिसऱ्या ते पाचव्या हिश्शावर येतं. म्हणजे हे दिवे म्हातारपणाने गेले नव्हते.

मामाला फोन लावला. "मामा, मागचा व्होल्टेजचा सिलेक्टर तू हलवला होतास का?"

"मी नाही रे, चिपळूणहून एक रेडिओवाला यायचा, त्याने केलं. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कुठे असायचं? ट्यूबलाइट पेटायची नाही. हा संच पण नुसता घूं करायचा. त्याने मागे काहीतरी फिरवलं आणि आवाज मोकळा झाला."

म्हणजे त्या माणसाने बरोबरच केलं होतं. १८०-१९० व्होल्टवर २४०च्या टॅपने संचाला पुरेसं मिळत नव्हतं, त्याने २२०वर आणला. टॉर्चचे बल्ब बसवणाराही तोच असावा. पुढे लाइन सुधारली, संच तसाच राहिला आणि दिवे एकेक करून गेले.

प्लग काढून निवड २४०वर नेली. त्याच क्लिपवर आता ८.४. एक पैसा खर्च न होता झालेलं या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं काम हेच. दिव्यांखेरीज पॉवर सप्लायच्या जुन्या कपॅसिटरवरचा ताणही त्यामुळे उतरला.

१८ जून, बुधवार

ऑफिसातून लवकर निघून पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्ली हा इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानांचा भाग पालथा घातला. "फ्यूजसारखा दिसणारा आठ व्होल्टचा बल्ब" असं सांगितलं की प्रत्येक दुकानात आधी फ्यूज पुढे येतो. आठ व्होल्टचा बल्ब कुणाकडेच नाही. सहाचे आहेत, बाराचे आहेत.

एका दुकानदाराने गाडीच्या छतातला कांडी बल्ब दाखवला, १२ व्होल्ट ५ वॉट. लांबी जुळत होती, म्हणून सहा घेतले, १२० रुपये. शिवाय स्पीडोमीटरमध्ये लागतात ते बिनटोपीचे १२ व्होल्टचे छोटे बल्ब सहा, ९० रुपये. फ्यूजच्या नव्या क्लिपा दहा, ५० रुपये. क्लिपा सोडता यातलं काहीही घेऊ नये, हे मला तीन दिवसांनी कळायचं होतं.

२१ जून, शनिवार

कांडी बल्बची टोकं निमुळती, शंकूसारखी असतात. फ्यूजच्या क्लिपला सरळ नळीसारखी टोपी लागते. बल्ब क्लिपमध्ये डुलतो, संच हलला की उजेड लुकलुकतो. क्लिप वाकवून पाहिली, तर एका बल्बची टोपी काचेपासून सुटली.

स्पीडोमीटरचे बल्ब तारा सोल्डर करून लावले. पेटले पाचही, पण डायल लालसर तपकिरी दिसायला लागली. १२ व्होल्टच्या दिव्याला ८ व्होल्ट दिले की उजेड निम्मा होईल असं मी धरून चाललो होतो. तो पाव राहतो, आणि रंग निखाऱ्याकडे झुकतो. मरांट्झच्या डायलचा निळा रंग दिव्यात नाही. दिवे साधेच असतात, निळाई पुढच्या पट्टीत आहे. त्या निळ्या पट्टीतून निखाऱ्याचा उजेड जातो तेव्हा राखेसारखं काहीतरी दिसतं.

सगळं काढलं. २१० रुपये आणि एक अख्खा शनिवार. त्याच रात्री दोन गोष्टी परदेशातून मागवल्या : फ्यूजच्या आकाराचे एलईडी, तीन थंड पांढरे आणि दोन उबदार पांढरे, मिळून १,८५० रुपये, आणि तापतंतूचे खरे ८ व्होल्ट २५० मिलीअँपिअरचे दहा दिवे, टपालखर्चासह २,६४० रुपये. दोन्ही एकदम मागवायची गरज नव्हती. पण गणपतीची तारीख डोळ्यांपुढे होती आणि एक पार्सल अडकलं तर दुसरं असावं असं वाटलं.

२८ जून, शनिवार

पार्सल येईपर्यंत सफाई. आज दोन चुका झाल्या, दोन्ही गंभीर.

पहिली. दिव्यांच्या पेटीचे स्क्रू काढून ती वर उचलली. एका बाजूने अडकत होती, म्हणून जरा हिसका दिला. टक्क असा आवाज आला आणि डायलचा दोरा, काटा सरकवतो तो, पुलीवरून उतरला. काटा सैल झाला. स्टेशन लावायचं चाक फिरतंय, काटा जागचा हलत नाही.

दुसरी. दोऱ्याकडे वळण्याआधी डायलची पट्टी मोकळी दिसली म्हणून तिची मागची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. कापसावर निळसर डाग आला तेव्हा हात थांबवला. पण तेवढ्यात मीडियम वेव्हच्या ओळीतल्या एका आकड्याची कड गेली होती. अक्षरं पट्टीच्या मागच्या अंगाला छापलेली असतात आणि अल्कोहोल ती उचलतं. पन्नास वर्षं टिकलेली छपाई माझ्या हाताने दोन सेकंदांत गेली. समोरून लांबून पाहिलं तर कळत नाही, पण मला कुठे आहे ते माहीत आहे आणि संच चालू झाला की नजर तिथेच जाते.

डायलच्या मागच्या बाजूला मऊ कोरडा ब्रश, याखेरीज काहीही लावू नका. पाणीसुद्धा नको. अल्कोहोल फक्त क्लिपा आणि सोल्डरच्या जागांसाठी.

२९ जून, रविवार

अख्खा दिवस दोऱ्यात गेला, साडेचार तास. पेटी उचलण्याआधी दोऱ्याच्या मार्गाचा एकही फोटो मी काढला नव्हता. पेटीखालचा भाग, जिथे दोरा दोन पुल्यांमधून वळतो, तो कुठल्याच फोटोत नाही. ड्रमवर किती वेढे आणि कुठल्या दिशेने, ते दोऱ्यावरच्या जुन्या घडीच्या खुणांवरून ओळखावं लागलं.

दोनदा उलटा ओवला. एकदा चाक उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे जात होता. तिसऱ्यांदा नीट बसला, तर स्प्रिंगजवळ जुना दोरा तुटला. सुदैवाने डायलच्या दोऱ्याची एक गुंडी जुन्या रेडिओंच्या सामानात मिळेल असं एका मित्राने सांगितलं. जुना बाजार रविवारी भरतोच. धावत गेलो, १५० रुपयांत मिळाली. शिवणाचा दोरा किंवा नायलॉनची मासेमारीची तार वापरायचा मोह टाळला : पहिला ताणला जातो, दुसरी घसरते.

दोरा चढल्यावर काटा जागेवर बसवायला ओळखीचं स्टेशन हवं. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर आहे. ते मीटरची सुई जास्तीत जास्त चढेपर्यंत लावलं आणि मग काटा दोऱ्यावर सरकवून १०१च्या खुणेवर चिमटला. खालच्या टोकाला पडताळा मीडियम वेव्हवर पुणे केंद्राचा, ७९२ किलोहर्ट्झ. किंचित डावीकडे दिसतं, चालेल.

मरांट्झचं ते आडवं चाक बोटाने ढकललं की काटा सरसर धावतो आणि आपोआप हळूहळू थांबतो. संध्याकाळी सात वाजता ते पुन्हा तसं धावलं तेव्हा पाठ दुखत होती, पण उठावंसं वाटेना.

१२ जुलै, शनिवार

एलईडी आले. एकवीस दिवस लागले. नव्या क्लिपा आधीच बसवून ठेवल्या होत्या. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं, आणि क्लिप बसवताना तिच्यात एक जुना फ्यूज घालून ठेवायचा म्हणजे दोन तोंडं समोरासमोर सरळ राहतात.

तीन थंड पांढरे मध्ये, दोन उबदार टोकांना, अशी मुद्दाम विभागणी केली. म्हणजे एकाच पट्टीत दोन्ही दिसतील.

थंड पांढऱ्याचा भाग गडद, जांभळट निळा झाला. मोबाइलच्या दुकानाच्या पाटीसारखा. उबदार पांढऱ्याचा भाग मूळ रंगाच्या बराच जवळ : हिरव्याकडे किंचित झुकलेला, मऊ. कुणाला एलईडीच लावायचे असतील तर २,७०० ते ३,००० केल्व्हिनचे घ्या. विक्रेत्याच्या यादीत "मूळ रंग" म्हणून थंड पांढरेच दाखवलेले असतात, त्यावर जाऊ नका.

उजेड पसरतही नाही. तापतंतू सगळीकडे उजेड फेकतो, एलईडी एका दिशेला. पट्टीवर पाच ठिपके दिसतात. फिरवून, तोंड मागच्या पत्र्याकडे करून पाहिले, मग बरं दिसलं.

१३ जुलै, रविवार

सकाळी मीडियम वेव्ह लावलं. पुणे केंद्राच्या खाली सतत खरखर. संच घराच्या दुसऱ्या खोलीत नेला, घरातले सगळे चार्जर काढले, तरी तीच. शेवटी एकेक एलईडी उपसत गेलो. पाचवा निघाला आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या.

या दिव्यांत आत इवलासा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) असतो. एसीच्या प्रत्येक फेऱ्यात तो चालू-बंद होतो आणि तो कचरा दिव्यांच्या तारांतून अँटेनापर्यंत पोचतो. प्रत्येक क्लिपवर ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावून पाहिले. खरखर निम्मी झाली, गेली नाही. एफएमवर आणि रेकॉर्डवर काहीच त्रास नाही. ज्यांना मीडियम वेव्ह ऐकायचंच नाही त्यांनी उबदार एलईडी बिनधास्त लावावेत : उष्णता जवळजवळ नाही, कागद जळणार नाही, ट्रान्सफॉर्मरवरचा दहा वॉटचा भार वाचतो.

पण गुहागरात मामा रोज सकाळी मीडियम वेव्हच लावतो. शिवाय चाक जोरात फिरवलं की उजेडापुढून धावणारा काटा तुटक तुटक दिसतो, कारण हे एलईडी सेकंदाला शंभरदा विझतात. एकदा ते दिसलं की डोळा तेच शोधत राहतो. एलईडी पाकिटात परत.

१९ जुलै, शनिवार

तापतंतूचे दिवे आले, दहाच्या दहा शाबूत. प्रत्येकाचा थंड रोध मोजला, सगळे ३ ते ३.५ ओहमच्या आसपास. एक वेगळा निघाला तर तो बाजूला ठेवायचा, म्हणजे ओळीत एकच दिवा मंद दिसत नाही.

पाचही बसवले. २४०चा टॅप, बोर्डवर २४३ : क्लिपवर ८.१ व्होल्ट. डायल पेटली. कागद अजून लावला नव्हता, त्यामुळे दिवे नुसतेच डोळ्यांत येत होते. तरीही बायको स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली.

आता कागद. अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर आणला, ९० ग्रॅमचा, दोन ताव ३० रुपये. बटर पेपरही करून पाहिला. तो तेलकट असतो, तापला की डाग धरतो. ट्रेसिंग पेपरचे दोन थर दिले तर उजेड खूप खातो, एकच पुरतो. जुना कागद तुकड्यातुकड्यांत निघाला होता. ते तुकडे जुळवून, त्यावरून माप घेऊन नवा कापला.

चिकटवायला दुहेरी टेप लावली. दीड तासाने जळका वास. टेपचा डिंक उष्णतेने पातळ झाला, कागद ओघळून तिसऱ्या दिव्याला टेकला आणि तिथे तपकिरी झाला. मी खोलीतच होतो म्हणून निभावलं. हा प्रयोग चालू ठेवून बाहेर जाऊ नका.

२० जुलै, रविवार

मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळी कॅप्टॉन टेप आणली, ११० रुपये. तिला उष्णतेचं काही होत नाही. कागदाच्या वरच्या कडेला अर्धा सेंटिमीटरची घडी घालून ती पेटीच्या कडेवर अडकवली आणि मग टेप. आता टेप सुटली तरी कागद घडीवर लटकून राहील.

दिव्यांना आणखी थोडा आराम द्यायचं ठरवलं. पाचांच्या सामाईक तारेत ०.६८ ओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, १० रुपये. पाच दिव्यांचा मिळून सव्वा अँपिअर जातो, त्यामुळे रेझिस्टरवर साधारण एक वॉट उष्णता. पाच वॉटचा घेतला म्हणजे तो निवांत राहतो. पत्र्यापासून अंतर ठेवून, लग-स्ट्रिपवर (तारा सोल्डर करायच्या पट्टीवर) उभा केला. क्लिपवर आता ७.३ व्होल्ट. उजेड पाऊण उरतो, आयुष्य अंदाजे तिप्पट. संच चालू करताना थंड तापतंतू एकदम जो करंट ओढतो, त्यालाही थोडा लगाम बसतो.

दिवसा खोलीत डायल थोडी फिकी वाटते. रात्री दिवा घालवून बसलं तर हाच उजेड बरोबर आहे. मामा रात्रीच ऐकायचा.

मीटरच्या मागचा दिवा अजून जिवंत आहे. त्याला हात लावला नाही.

२६ जुलै, शनिवार

स्टिरिओचा दिवा गेलेला होता. एफएम स्टेशनवरून १९ किलोहर्ट्झचा पायलट (प्रसारण स्टिरिओ असल्याची खूण) आला की तो पेटायला हवा. तारांचा छोटा, गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब असतो. त्या रेटिंगचा सापडला नाही म्हणून इथे एलईडी वापरला. टोकांवर डीसी मिळतो, त्यामुळे मीडियम वेव्हचा प्रश्न येत नाही. ६८० ओहम सिरीजमध्ये, उबदार पांढरा एलईडी, सगळं मिळून २० रुपये. उलटसुलट बघून जोडा, बल्बला दिशा नसते पण याला असते.

जोडला, आणि स्टेशनच नसतानाही तो मंद तेवत राहिला. आधी वाटलं डीकोडर (डावा-उजवा आवाज वेगळा करणारा भाग) बिघडला. दोन तास तिथे घालवले, एक ट्रान्झिस्टर काढून तपासून परत लावला, तो ठीक होता. मग ध्यानात आलं : दिवा चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही किंचित करंट गळतो, एक मिलीअँपिअरपेक्षा कमी. तापतंतूला त्याने काही होत नाही. एलईडीला तेवढा पुरतो. एलईडीच्या दोन पायांवर १ किलो-ओहम आडवा जोडला, गळती तिकडून जायला लागली, दिवा विझला. खासगी स्टेशन लावलं की ठसठशीत पेटतो.

१० ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे रोज संध्याकाळी तीन-चार तास संच चालू ठेवला. कागद पांढराच आहे. पेटीवर हात ठेवता येतो. एकही दिवा गेला नाही, पाच सुटे दिवे कापसात गुंडाळून झाकणाच्या आत चिकटवले आहेत.

खर्च एकूण ५,२५० रुपये. खरोखर कामी आलेला ३,०४० : दिवे २,६४०, अल्कोहोल १८०, टेप ११०, क्लिपा ५०, कागद ३०, एलईडी आणि त्याचे रेझिस्टर २०, वायरवाउंड १०. उरलेले २,२१० चुकांचे, त्यात एलईडीचे १,८५०. वेळ एकतीस तास. आता पुन्हा करायचं झालं तर सहा तासांत होईल.

२५ ऑगस्ट, सोमवार, गुहागर

परवा रात्री पोचलो. मामाने संच कपाटाच्या त्याच फळीवर ठेवायला लावला. प्लग लावण्याआधी बोर्डवर मीटर धरला. काल सकाळी २२६. ठीक.

संध्याकाळी सातला, गावातले सगळे दिवे आणि मखरांच्या माळा पेटल्यावर, २०९. संच चालू केला. आवाज भरलेला, पण डायल मंद, विझत चाललेल्या समईसारखी. २०९ला २४०च्या टॅपवर वाइंडिंग सातच्या जवळ देतं, आणि माझा रेझिस्टर त्यातून पाऊण व्होल्ट खातो. पुण्याच्या २४३साठी बसवलेलं सगळं इथे जास्तीचं झालं.

मामा म्हणाला, "मागचं ते फिरव ना परत."

फिरवलं नाही. रात्री साडेबाराला उठून मोजलं तर २३८ होते, आणि मामा रेडिओ चालू ठेवून झोपतो. २२०च्या टॅपवर २३८ दिले तर आपण पुन्हा तिथेच. आज सकाळी प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करून, रेझिस्टरवर एक तार आडवी सोल्डर केली. तो जागेवरच आहे, नुसता बाजूला पडला. कुणी संच पुन्हा शहरात नेला तर ती तार कापायची. कागदाच्या चिठ्ठीवर हे लिहून झाकणाच्या आत, सुट्या दिव्यांशेजारी लावलं : "२४० टॅप. तार कापली की ०.८ व्होल्ट कमी."

२६ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी २११ व्होल्ट, क्लिपवर ७.०. मामाने माजघरातला दिवा घालवायला सांगितला. चाक बोटाने ढकललं, काटा निळ्या पट्टीवरून धावत गेला आणि थांबला. तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने विचारलं, "हा आकडा इथे जरा पुसट आहे का रे?"

मी सांगितलं कसा गेला ते.

"असू दे," म्हणाला, आणि मीडियम वेव्ह लावलं.